शेंदरी होता की निळा? रेकॉर्डच्या कव्हरांचा इतिहास, पालीच्या वाटेने

रेकॉर्ड ही ऐकायची वस्तू, हे सगळ्यांनाच मान्य आहे. पण जुन्या रेकॉर्ड्सबद्दल कुणालाही बोलतं करून बघा. पहिली पाच मिनिटं माणसं गाण्याबद्दल बोलतच नाहीत. 'ते हिरवं कव्हर होतं बघ, कोपरा उंदरानं खाल्लेला', 'त्याच्यावर मावशीनं पेननं नाव घातलं होतं', 'आमच्याकडे ती कपाटावर दर्शनी ठेवलेली असायची'. गाणं नंतर आठवतं. आधी आठवतो तो पुठ्ठा.

आजचा लेख त्या पुठ्ठ्याबद्दल आहे. माझं पीएचडीचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: कोकणच्या दमट हवेत छापील कागद आणि त्यावरचे रंग कसे म्हातारे होतात, आणि त्या म्हातारपणावरून त्या वस्तूचा इतिहास किती वाचता येतो. मी रसायनशास्त्राची. त्यामुळे इतिहासाच्या मित्रमंडळींना माझे प्रश्न जरा विचित्र वाटतात. ते विचारतात, या चित्रात काय दाखवलंय? मी विचारते, यातला कुठला रंग आधी गेला? तर पंचांगं, दिनदर्शिका, लग्नपत्रिका तपासता तपासता मी रेकॉर्डच्या कव्हरांपर्यंत पोचले, आणि तिथे दोन्ही प्रश्न एकाच जागी भेटले. कसे, ते पुढे येईलच.

चित्र नव्हतं तेव्हा

आधी हे लक्षात घेऊ की रेकॉर्डच्या आयुष्यातली पहिली चाळीसेक वर्षं कव्हरवर चित्र असं नव्हतंच. फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ मध्ये कोलकात्यात आला आणि त्यानं इथल्या गायकांची पहिली ध्वनिमुद्रणं केली. (मराठी रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. दोन वर्षांहूनही कमी अंतर, आणि तो आवाज आपल्याला कायमचा हुकला.) मेणावर उतरवलेला तो आवाज जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तिथे तबकड्या बनायच्या आणि बोटीनं परत यायच्या. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू होईपर्यंत हेच चालू होतं. त्या काळातल्या बऱ्याच गायिका गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतात, ते तुम्ही ऐकलं असेल. हॅनोव्हरच्या कारागिरांना भाषा कळत नव्हती. लेबलावर कुणाचं नाव लावायचं, हे त्यांना ऐकून समजावं म्हणून ती सोय होती.

ही तबकडी लाखेची. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू असं ते मिश्रण. दहा इंच व्यासाची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. ती यायची तपकिरी किंवा पांढऱ्या कागदाच्या साध्या पाकिटात, आणि पाकिटाच्या मधोमध एक गोल भोक. भोकातून लेबल दिसायचं. बघायला एवढंच.

म्हणून मराठी घरांत रेकॉर्डचं पहिलं 'चित्र' कुठलं, तर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बरॉड या इंग्रज चित्रकारानं तो काढला. मूळ चित्रात कुत्र्यापुढे सिलिंडरवाला फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेतलं ते 'आमचं यंत्र रंगवून दे' या अटीवर. बरॉडनं जुन्या यंत्रावर नवं यंत्र रंगवलं आणि चित्र व त्याचे हक्क मिळून १०० पौंड घेतले. आपल्याकडे 'कुत्रा छाप' म्हटलं की गिऱ्हाइकाला पुढचं काही वाचायची गरज नसे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रेकॉर्ड ओळखता येत होती ती चित्रामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पालीत पुन्हा लागणार आहे.

पुठ्ठा आला

पाकिटावर चित्र छापायची कल्पना अमेरिकेतली. कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला चित्रकार जाहिरातींचं काम करायचा. १९४० च्या सुमारास त्यानं सुचवलं की तबकड्यांच्या संचाला पुस्तकासारखं मुखपृष्ठ द्यावं. विक्री वाढली आणि प्रथा पडली. पुढे १९४८ मध्ये त्याच कंपनीनं लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली: बारा इंची, मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. साहित्यही बदललं, लाखेच्या जागी व्हायनिल आलं. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीनं सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली.

भारतात लाखेची तबकडी बरीच टिकली, अगदी १९७० च्या आसपासपर्यंत. मधली दहा-बारा वर्षं दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदत होत्या. मराठी भावगीताला मानवली ती सात इंची ईपी. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशी चार गाणी, मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणारी. भावगीताची रेकॉर्ड हा प्रकार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायली, ती लाखेची, साध्या पाकिटातली. हेच जोशी पुढे १९३८ पासून एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचं काम बघत होते. म्हणजे भावगीत चाळिशीला आल्यावर त्याला चित्र मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

आता थोडं गणित. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर बाजूचा चौरस, म्हणजे जवळजवळ ९६० चौरस सेंटिमीटर जागा. ईपीचं १८ सेंटिमीटरचं, म्हणजे सव्वातीनशे. पुढे आलेल्या कॅसेटचा दर्शनी भाग १० बाय साडेसहा, म्हणजे ६५. सीडी १२ बाय १२, म्हणजे १४४. म्हणजे १९८० च्या दशकात रेकॉर्डची कॅसेट झाली तेव्हा चित्रकाराची जागा पंधरा पटींनी आकसली. ज्यांचं बालपण एलपीबरोबर गेलं त्यांना कव्हरं आठवतात आणि ज्यांचं कॅसेटबरोबर गेलं त्यांना कॅसेटच्या पट्ट्या गुंडाळायची पेन्सिल आठवते, यात नवल नाही.

कव्हरची मागची बाजू तर आम्हा संशोधकांसाठी सोन्याची खाण आहे. गायक, कवी, संगीतकार, कंपनीचा पत्ता, कधी छापखान्याचं नाव, कधी गाण्यांवरचा छोटा लेख, आणि क्रमांक. एचएमव्हीच्या एलपीवर 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टीरिओ. एवढी सगळी माहिती असूनही एक नाव मात्र बहुतेक वेळा नसतं. पुढचं चित्र कुणी काढलं, ते.

कव्हरावरचा गणपती कुठून आला?

पालीला येण्याआधी हा एक प्रश्न सोडवू. देवाच्या गाण्यांच्या कव्हरावर जो गणपती दिसतो, तो आला कुठून?

पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. रविवर्मा प्रेस मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यांनी दगडावरच्या छपाईतून देव घरोघर पोचवले. त्याआधी घरच्या भिंतीवर रंगीत देव ही श्रीमंतीची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल अशा चित्रकारांनी दिवाळी अंक आणि दिनदर्शिका यांतून त्या देवांना मराठी चेहरा दिला: गुलाबी गाल, मऊ उजेड, पितांबराची चमक. रेकॉर्ड कंपन्यांना कव्हरासाठी चित्र हवं होतं तेव्हा लोकांच्या डोळ्यांत हा देव आधीच बसलेला होता. कव्हरांनी तोच उचलला.

आता यातली गंमत बघा. पालीचा बल्लाळेश्वर असा दिसत नाही. तो स्वयंभू, पाषाणाचा, शेंदूर ल्यालेला, डोळ्यांत हिरे. हातात मोदक, पायाशी उंदीर, मागे मखमली पडदा असं तिथे काही नाही. देऊळ पूर्वी लाकडी होतं. १७६० मध्ये नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली दगडी झालं, आणि त्याची मांडणी 'श्री' अक्षरासारखी आहे असं सांगतात. पूर्वाभिमुख असल्यामुळे ठरावीक दिवसांत उगवतं ऊन थेट मूर्तीवर येतं. मागे सरसगड. देवळात चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली पोर्तुगीज घंटाही आहे. असा हा देव आपण जाऊन बघतो तेव्हा तो शेंदराचा एक मोठा तेजस्वी आकार असतो. तोच देव कव्हरावर येतो तेव्हा त्याला चार हात फुटतात.

अष्टविनायकांच्या छापील चित्रांत एक तडजोड झालेली दिसते. मधोमध दिनदर्शिकेतला चतुर्भुज गणपती आणि भोवती आठ छोट्या चौकटींत आठ ठिकाणच्या मूर्ती. म्हणजे ओळखीचा देव मोठा आणि खरा देव लहान. १९७९ मध्ये राजदत्त दिग्दर्शित 'अष्टविनायक' चित्रपट आला. जगदीश खेबुडकरांनी त्यात आठही गणपतींची वर्णनं करणारं लांबलचक गाणं लिहिलं, अनिल-अरुण यांनी त्याला चाल दिली. आजही यात्रेच्या बसमध्ये ते लागतं. या चित्रपटानंतर आठ ठिकाणं एका दमात करायची यात्रा घराघरांत पोचली, असं सर्रास सांगितलं जातं. निदान एवढं खरं की पाली, महड, थेऊर, सिद्धटेक ही नावं ओळीनं पाठ असलेली एक अख्खी पिढी त्या गाण्यानं घडवली.

पालीतला एक पुठ्ठा

आता पाली. मुंबई-पुण्यातल्या संग्राहकांच्या कव्हरांबद्दल बरंच लिहिलं जातं. मला जाणून घ्यायचं होतं ते तालुक्याच्या गावात काय होतं. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की अशा गावांत रेकॉर्ड ही घरची वस्तू नव्हतीच फारशी. रेकॉर्ड्स असायच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्न, सत्यनारायण, भाद्रपदातला आणि माघातला उत्सव, निवडणुकीचा प्रचार. भोंगे, तारा, अॅम्प्लिफायर आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत रेकॉर्ड्स. गावानं जे संगीत ऐकलं ते त्या पेटीतून.

असा धंदा केलेले एक काका मला पालीत भेटले. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्ड एकही उरलेली नाही. काही फुटल्या, काही भंगारात गेल्या. पण देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, गणपतीच्या गाण्यांच्या एका ईपीचं कव्हर आहे. आत तबकडी नाही. नावाचा भाग कसरीनं खाल्लाय, क्रमांकाचा कोपरा गेलाय. म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत शून्य. घरात मात्र त्याला रोज फूल वाहतात.

मी काकांना विचारलं, काळोखात, मांडवाच्या कोपऱ्यात, घाईगर्दीत पाहिजे ती रेकॉर्ड सापडायची कशी? ते म्हणाले, "वाचतो कोण? रंग बघायचा. पहाटे सनई, ती पिवळी. मग गणपती, तो शेंदरी. मग वऱ्हाड आलं की सिनेमाच्या. पाठवणीची वेगळी, ती काळी." पेटी उघडली की लग्नाचे विधी रंगांच्या क्रमानं लावलेले. कुत्रा छापवाला मुद्दा आठवला ना? कव्हर हे शोभेचं नव्हतंच तिथे. ती अनुक्रमणिका होती.

आणि इथेच वाद झाला. काकांचा मुलगा, चाळिशीचा, म्हणाला, "शेंदरी नाही हो, हा गणपती पहिल्यापासून निळाच आहे. मी लहानपणापासून बघतोय." भिंतीकडे बघितलं तर मुलगा बरोबर. फिकट निळसर गणपती, निळ्या सावल्या, जवळजवळ पांढरं पोट. काका ठाम, "शेंदरी होता. मी आंधळा होतो का?" घरातल्या बाकीच्यांनी मुलाची बाजू घेतली. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला पुरावा कोण विचारणार?

हा प्रश्न माझ्या आवाक्यातला होता.

शाई काय सांगते

रंगीत छपाईत चारच शाया असतात: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग या चौघींच्या बारीक ठिपक्यांतून डोळ्याला भासतात. शेंदरी रंग म्हणजे भरपूर पिवळी, त्यावर किरमिजी, आणि निळी जवळजवळ नाहीच. निळी आणि काळी वापरली जाते ती सावल्यांसाठी: सोंडेची वळणं, पोटाची गोलाई, डोळ्यांच्या कडा.

आता या शायांचं आयुष्य सारखं नसतं. काळी म्हणजे काजळी, कार्बन. तिला ऊन काही करत नाही. निळ्या शाईतला रंग तांब्याचं एक संयुग असतो, थॅलोसायनीन. तो रेणू कमालीचा चिवट. पिवळ्या आणि किरमिजी शायांचे रंग मात्र बहुधा अझो जातीचे, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या बंधावर उभे असलेले. उजेडाचा, विशेषतः अतिनील किरणांचा मारा वर्षानुवर्षं होत राहिला की ते मोडतात. रंग उडाला असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर दोन रंग उडालेले असतात आणि दोन शिल्लक असतात. शेंदरी अंग पांढरं पडतं आणि सावल्या तेवढ्या निळ्या उरतात. सलूनच्या काचेवरचे जुने फोटो, टपरीवरच्या जाहिराती निळ्या का दिसतात, त्याचं उत्तर हेच. काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, सगळा नाही.

म्हणजे मुलगा ज्याला 'पहिल्यापासून' म्हणतो, ते त्याच्या आठवणीचं पहिलं. पण हा झाला तर्क. पुरावा हवा.

कव्हरं कशी बनवतात ते इथे उपयोगी पडलं. या प्रकारच्या कव्हरात पुढचा छापील कागद कडांवरून वळवून मागच्या बाजूला बोटभर रुंदीच्या पट्ट्यांसारखा चिकटवलेला असतो. चित्र कडेपर्यंत छापलेलं असेल तर त्याचा थोडा भाग त्या पट्टीवर जातो. आणि ही पट्टी फ्रेममध्ये भिंतीकडे तोंड करून होती. तिनं इतक्या वर्षांत उजेड बघितलेलाच नव्हता.

काकांच्या परवानगीनं फ्रेम उघडली. खालच्या पट्टीवर गणपतीच्या मांडीचा एक छोटा तुकडा दुमडून मागे गेला होता. तो शेंदरी होता. तुकडा अंगठ्याएवढा, पण रंग असा की खोलीतले सगळे गप्प झाले. दहापट भिंगाखाली पट्टीवर चारही शायांचे ठिपके दिसत होते. दर्शनी बाजूवर तशाच जागी निळे आणि काळे ठिपके, पिवळ्याचा नुसता संशय, किरमिजी नाहीच.

काका काही म्हणाले नाहीत. मुलगाच म्हणाला, "बाबा, मग सनईची खरंच पिवळी होती का?" आणि पुढचा तासभर ते एकेक कव्हर आठवून सांगत बसले आणि मुलगा लिहून घेत बसला. मला विचाराल तर त्या दिवसाचा निष्कर्ष ठिपक्यांत नव्हता. घरात ज्या माणसाच्या सांगण्याला 'असेल तुमचं' म्हणून बाजूला सारत होते, त्याचं ऐकायला घर बसलं.

एक अडचण मात्र उरली. मी सुचवलं की कव्हर उन्हासमोरून काढून अंधाऱ्या कपाटात ठेवा, निदान आहे तेवढं टिकेल. काकांनी सरळ नाही सांगितलं. देव कपाटात ठेवायचा नसतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असावं असंही वाटत नाही. पट्टीचे फोटो आणि मोजमापं घेतली, फ्रेम पुन्हा होती तिथे लावली. ती वस्तू त्यांच्यासाठी दस्तऐवज नाही, आणि ती टिकली तीसुद्धा ती दस्तऐवज नव्हती म्हणूनच. बाकीच्या सगळ्या पेटीचं भंगार झालं.

१९७९ चंच आणखी एक कव्हर

चित्रकाराचं नाव नसणं हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे का? 'अष्टविनायक' आला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉय डिव्हिजन या बँडची 'अननोन प्लेझर्स' ही एलपी आली. तिचं कव्हर आज जगभर टी-शर्टांवर दिसतं: काळ्या पार्श्वभूमीवर एकाखाली एक पांढऱ्या रेषा, मधोमध डोंगररांगेसारखे उंचवटे. पुढच्या बाजूला बँडचंही नाव नाही. कव्हर केलं पीटर सॅव्हिलनं. पण त्या रेषा त्याच्या नाहीत. त्या आहेत सीपी १९१९ या पल्सारच्या, म्हणजे स्वतःभोवती फिरत दर १.३३७ सेकंदाला रेडिओ लहरींचा ठोका देणाऱ्या एका ताऱ्याच्या. एकाखाली एक मांडलेले ८० ठोके.

हा पहिला सापडलेला पल्सार. १९६७ मध्ये तो जॉसलिन बेल या केंब्रिजच्या पीएचडी करणाऱ्या मुलीला कागदी आलेखांच्या भेंडोळ्यांत दिसला. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. कव्हरवरचा आलेख काढला हॅरल्ड क्राफ्ट या दुसऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं, १९७० च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रबंधासाठी, अरेसिबोच्या दुर्बिणीतून घेतलेल्या निरीक्षणांवरून. तिथून तो एका ज्ञानकोशात गेला, ज्ञानकोशातून बँडच्या हाती लागला, सॅव्हिलनं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं, आणि कव्हर झालं. क्राफ्टला हे कळलं ते नंतर. तो दुकानात गेला आणि स्वतःच्याच आलेखाची रेकॉर्ड विकत घेऊन आला.

रात्री दोनला आलेखाच्या रेषा नीट करत बसणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार जवळची वाटते. आणखी एक योगायोग. अष्टविनायकांतले लेण्याद्री आणि ओझर करताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. (हो, त्यांनाही तबकड्याच म्हणतात.) पल्सारचा अभ्यास हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. म्हणजे यात्रेच्या बसमध्ये १९७९ चं एक गाणं वाजत असतं आणि खिडकीबाहेर १९७९ च्या दुसऱ्या कव्हराचं विज्ञान चालू असतं.

फरक एवढाच की क्राफ्टचं नाव शोधता आलं. प्रबंध ग्रंथालयात होता, आकृतीला क्रमांक होता, लोकांनी माग काढला. पालीच्या त्या गणपतीचा चित्रकार कोण, हे शोधायला धागाच नाही. सही नाही, क्रमांक कसरीच्या पोटात. आणि ही एका कव्हराची गोष्ट नाही. ज्यांची चित्रं लाखो घरांत पोचली अशा माणसांची नावं पुठ्ठ्याच्या मागे लिहायची राहिली, आणि पुठ्ठा कोकणात टिकत नाही. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती महिनोन्‌महिने त्याच्या वरच असते. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल तंतू मोडत राहतं. उरलेलं काम कसर आणि वाळवी करतात. त्यामुळे कव्हरांचा इतिहास लिहिताना आपण कोरड्या गावांचा आणि कपाटं असलेल्या घरांचा इतिहास लिहितो. स्पीकरवाल्याच्या पेटीचा इतिहास त्यातून गळतो.

तुमच्याकडे असतील तर

ही भरपाई संस्थांनी एकट्यानं होणार नाही. १९९० पासून मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हे काम करते आहे. तिचे डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या माणसानं तबकड्यांच्या मागे लागणं ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे, एवढं समाधान मला त्यांच्याकडे बघून मिळतं. पण माळ्यावरची पेटी तुमच्याच घरात आहे. म्हणून चार गोष्टी.

एक, फोटो काढाल तर दोन्ही बाजूंचे काढा. मागच्या बाजूला तळाशी असलेली बारीक अक्षरं नीट येतील असे. कडांच्या वळवलेल्या पट्ट्यांचाही एक. खरा रंग तिथे असतो.

दोन, फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका. चिकट थर काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काढता येत नाही. लॅमिनेशन तर नकोच, आतला ओलावा आतच कोंडतो.

तीन, रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आडव्या रचल्या की तबकडीची गोल कड कव्हरावर वर्तुळ उमटवते. भिंतीला टेकवून ठेवू नका, कोकणात भिंती पाणी पितात. डांबराच्या गोळ्या टाळा, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कव्हरावर कुणाचं नाव, तारीख, 'सप्रेम भेट', मंडळाचा शिक्का असं काही असेल तर ते पुसायला जाऊ नका. विकणाऱ्याच्या मते त्यानं किंमत कमी होते. माझ्या मते तेवढ्यासाठीच ते कव्हर ठेवण्यासारखं असतं. घरात कुणी जुनं माणूस असेल तर कव्हर त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हे आलं कधी, वाजायचं कधी, आणि याचा रंग तेव्हा कसा होता. मग पट्टी उलटून बघा.